जनरल पुढेचला आणि मावशीचं प्लास्टर

"तुम्ही काय करता हो?" असं मावशीला कुणी विचारलं की ती सांगायची, "पाय."

विचारणारा आधी तिच्या पायांकडे बघायचा. मग मावशीच त्याला सावरून घ्यायची. "हातही करते. पण लढाईत पायांना मागणी जास्त. असं का, कोण जाणे."

हे "असं का" म्हणजे मावशीचं दुसरं नावच. दूध उतू चाललं तर मावशी आधी "असं का?" म्हणणार आणि मग गॅस बंद करणार, असं तिची थोरली बहीण म्हणायची. ही थोरली बहीण, म्हणजे ताई, प्रत्येक वाक्याच्या आधी "मी काही बोलत नाही हं" एवढं बोलून घ्यायची आणि त्यानंतर चहा गार होईपर्यंत थांबायची नाही. दोघी एकाच आईच्या, पण एकीला सगळं विचारायचं असे आणि दुसरीला सगळं सांगायचं असे, त्यामुळे दोघींचं छान जमायचं.

मावशी मूळची बाहुल्यांच्या कारखान्यातली. प्लास्टरच्या गुबगुबीत बाहुल्या, फुगलेले गाल, बसकी नाकं. एकेका गालावरून अंगठा असा फिरवायची की बाहुलीलाही गुदगुल्या व्हाव्यात. मग लढाई लागली. बाहुल्या घेणारे कमी झाले आणि प्लास्टरच्या गोण्या कारखान्याऐवजी हॉस्पिटलात जाऊ लागल्या. प्लास्टर जिथे गेलं तिथे मावशी गेली. हात तेच, पांढरी धूळ तीच, फक्त गालांच्या जागी आता गुडघे.

कार्यशाळा हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईखाना आणि जनरेटरची खोली यांच्या मध्ये. लांबट खोली. एका टोकाला पडदा लावून केलेली मावशीची जागा: उंच खुर्ची, कोमट पाण्याची बादली, प्लास्टरच्या पट्ट्यांची चळत. दुसऱ्या टोकाला कानसकाका. मावशीने घेतलेल्या साच्यात प्लास्टर ओतून जो ठोकळा निघायचा, तो कानशीने घासून घासून नेमक्या आकाराला आणायचा, हे त्यांचं काम; त्या ठोकळ्यावरच पुढे नवा पाय बेतला जाई. काका दिवसातून फार तर दोनदा बोलत आणि शेवटी "बघा" लावत. "ऊन पडलंय, बघा." झालं, आजचं संपलं.

आणि या दोघांच्या वर सुपरवायझरसाहेब. माणूस वाईट नव्हता. पण खोकल्याची गोळी कायम गालात धरल्यासारखा आवाज, आणि वाक्य सुरू केलं की त्यातून बाहेर यायची वाट सापडायची नाही. "म्हणजे कसं आहे, मावशी, की हे जे आहे, ते असं आहे, की..." इथवर येऊन ते घड्याळ बघत आणि निघून जात. काय होतं आणि कसं होतं, ते मावशीने स्वतःच ठरवून घ्यायचं.

आता काम समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. गुडघ्याखाली जो काही पाय उरला असेल त्यावर पातळ मोजा चढवायचा, हाडाचे उंचवटे निळ्या पेन्सिलीने खुणवायचे आणि ओली पट्टी गुंडाळत जायची. काही मिनिटांत ती धरते. मग साचा हलकेच उतरवायचा. पण एक मेख आहे. पट्टी गुंडाळताना उरलेली पोटरी सैल पाहिजे. माणूस घाबरलेला, चिडलेला, लाजलेला असला की पोटरी दगड होते. साचा त्या दगडाचा निघतो. पुढे चालताना पोटरी सैल पडते, पाय आत खालीवर होतो, हाडाला घासतो, आणि गिऱ्हाईक (मावशी त्यांना गिऱ्हाईकच म्हणायची) नवा पाय कोपऱ्यात उभा करून पुन्हा कुबड्या उचलतं.

"सैल सोडा" म्हटल्यावर सैल सोडणारा माणूस मावशीला अजून भेटायचा होता.

एकदा एक ट्रक ड्रायव्हर आला. मावशीने त्याला विचारलं, "पाय कुठे गेला?" दया वगैरे काही नाही. छत्री कुठे राहिली असं विचारावं तसं.

ड्रायव्हर म्हणाला, "सरकारात जमा केला, मावशी. पावती द्यायला विसरले."

मावशीला फसकन हसू आलं. ड्रायव्हरलाही आलं. त्या हसण्याच्या शेपटावर मावशीने पट्टी गुंडाळली, आणि साचा असा निघाला की कानसकाकांनी मान वर करून बघितलं. ते त्यांचं सर्वात मोठं कौतुक.

असं का? मावशीच्या डोक्यात भुंगा शिरला. मग तिने एकेक करून बघितलं. रडून झालेली पोटरी सैल नसते, आतून थरथरते. रागावून झालेली तर विचारूच नका. गाणं गुणगुणणारा ठेका धरतो. हसून झालेला माणूस मात्र श्वास सोडतो, आणि त्या श्वासाबरोबर पोटरी खाली बसते, लोकरीचा गुंडा सुटावा तशी. म्हणून मावशीचा नियम ठरला: हसणं आधी, प्लास्टर नंतर. प्लास्टर ओलं असताना हसाल तर साचा हलेल, मग खबरदार.

याची उलट बाजूही तिला लवकरच कळली. एकदा मोठे पाहुणे कार्यशाळा बघायला आले. रांगेत बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर छाती काढून उभे राहिले आणि मंचावर असल्यागत गरजले, "तुमचा एकेक पाय म्हणजे देशाच्या इमारतीचा एकेक खांब आहे! शूर जवानांनो, तुमचं बलिदान वाया जाणार नाही!"

"तरीच इमारत कलायला लागलीय," ट्रक ड्रायव्हर मावशीच्या कानात पुटपुटला. पण बाकीचे सगळे ताठ. पाठी ताठ, माना ताठ, पोटऱ्याही ताठ. त्या दिवशी घेतलेले सगळेच्या सगळे साचे वाया गेले. पाहुणे म्हणाले होते वाया जाणार नाही, आणि गोणीभर प्लास्टर वाया गेलं. कानसकाकांनी ते ठोकळे एकेक हातात घेऊन खिडकीशी धरले. "भाषणाची पोटरी, बघा," ते म्हणाले. तेव्हापासून कार्यशाळेत बिघडलेल्या साच्याला तेच नाव पडलं, आणि इथे कुणालाही शूर म्हणायचं नाही, असा मावशीचा दुसरा नियम ठरला.

आता प्रश्न आला की हसायचं कशाला? माणसाला त्याच्या स्वतःच्या तुटक्या पायावर हसवणं मावशीला पटेना. ट्रक ड्रायव्हर स्वतः बोलला ते वेगळं. म्हणून तिने एक सैन्य तयार केलं. कुणाचा भाऊ नाही, कुणाचा नवरा नाही, असं सैन्य. त्याचा सेनापती जनरल पुढेचला.

"हा जनरल फार शूर," पट्ट्या भिजवता भिजवता मावशी सुरू करायची. तोंडावरची सुरकुती हलायची नाही. "त्याची एकच आज्ञा. 'पुढे चला!' आणि ती द्यायला तो सगळ्यांच्या मागे उभा राही. का? तर आवाज पुढे जातो, मागे येत नाही, असं त्याचं शास्त्र. एकदा त्याला नकाशावर एक टेकडी दिसली. गोल, तपकिरी, अगदी मधोमध. 'ही आपली झालीच पाहिजे! पुढे चला!' पलटण गेली. बघते तर सपाट माळ. शिपायाने निरोप धाडला, 'साहेब, टेकडी नाही.' जनरलने उलट निरोप धाडला, 'शत्रूने पळवली असेल. परत आणा.' इकडे शत्रूने दुर्बिणीतून पाहिलं. एवढी माणसं उघड्या माळावर काय शोधताहेत? नक्कीच काहीतरी मोलाचं असणार! चला, आपणही लढू! झालं. जी लढाई जुंपली म्हणता! शेवटी एक दिवस मुख्यालयातल्या कारकुनाने ओल्या फडक्याने नकाशा पुसला आणि टेकडी फडक्यावर आली. चहाचा डाग होता."

इथे गिऱ्हाईक हलकेच फुसफुसायचं. पण मावशीची पट्टी अजून बादलीतच.

"आता आली का पंचाईत? एवढी माणसं गेली ती डागापायी, हे घरच्यांना कळवायचं कसं? जनरलने मिशीला पीळ दिला. 'ज्या टेकडीसाठी वीरांनी प्राण दिले, ती असलीच पाहिजे! उरलेल्यांनी ती बांधा!' शिपाई म्हणाला, 'साहेब, एवढी माती कुठून आणू?' जनरल म्हणाला, 'मूर्खा, रोज खड्डे खणतोस ना त्यांच्यासाठी? त्यातली घे.'"

आणि मग ते हसू यायचं. चांगलं हसू नव्हे ते. पोटाच्या तळातून येणारं, मधेच अडकणारं, आपण कशावर हसलो म्हणून स्वतःलाच दचकवणारं. पण श्वास सुटायचा. मावशीचा हात पोटरीवर असायचाच. सुटली की पट्टी.

एकदाच कुणीतरी तिला थांबवलं. एक सार्जंट होता, केस पिकलेला. टेकडी बांधायच्या जागी तो म्हणाला, "बास, बाई. माझी माणसं आहेत अजून तसल्या माळावर."

मावशीचे हात बादलीतच राहिले. "चुकलं माझं. काढून टाकते ती गोष्ट. नाही सांगणार कुणाला."

सार्जंट छताकडे बघत म्हणाला, "काढू नका. फक्त एक दुरुस्ती करा. तुमच्या जनरलला टेकडी बांधायचं सुचतं. इतका शहाणा नव्हता हो आमचा. आमच्याकडे त्या कारकुनाचीच बदली केली, डाग पुसला म्हणून."

आणि दोघं असे हसले की पडदा हलला.

तेव्हापासून रीतच पडली. ज्याला जे सांगायचं असेल ते त्याने स्वतःचं म्हणून सांगायचं नाही, "पलटणीत टाकायचं". कुणी पलटणीत एकच पदक टाकलं, जे आळीपाळीने घालायचं होतं, म्हणून ज्याला मिळे त्याला परत करण्यापुरतं जिवंत राहण्याची सक्ती होती. कुणी दारूगोळ्याऐवजी आलेली झाडूंची पेटी टाकली. मावशी दर वेळी एकच विचारायची, "एवढा मूर्खपणा पटेल का लोकांना?" आणि ते म्हणायचे, "पटेल हो, मावशी. टाका." असा जनरल पुढेचला पोसत गेला.

आणि मग एक दिवस त्या उंच खुर्चीवर कात्र्या येऊन बसला.

कात्र्या म्हणजे ताईचा मुलगा, मावशीचा एकुलता भाचा. शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापायचा. लांबलचक टेबलाशी दिवसभर उभं राहून, थरावर थर ठेवलेलं कापड एका दमात. जीभही तशीच धारदार, म्हणून कात्र्या. जनरल पुढेचलाचा पहिला श्रोता तोच. रात्री ताईकडे जेवताना मावशी नवा प्रसंग सांगायची आणि कात्र्या पाणी प्यायचा थांबायचा, नाकातून येईल म्हणून. मग त्यालाही बोलावणं आलं, आणि तो गेला. आला तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, आणि जीभ होती पण म्यानात.

त्याच्याआधी त्याचा फोटो घरी आला होता. वर्तमानपत्रात छापलेला: पूल, पुलावरून बंदुका उंचावून धावत येणारे जवान, खाली ओळ, "पूल सर करताना आपले शूर जवान". ताईने मोठा करून आणला आणि बाहेरच्या खोलीत लावला. येईल त्याला दाखवायची. "मी काही बोलत नाही हं, पण हा सगळ्यात पुढचा, तो आमचा. तोंड झाकलंय टोपाने, पण खांद्यावरून ओळखते मी." कात्र्या बाजूला बसलेला असे. तो "हं" म्हणे आणि कुबड्या उचलून आत जाई.

फोटोत एकच खोट होती. डाव्या कोपऱ्यात पांढरट डाग. ताई रोज ओल्या फडक्याने पुसायची. जाईना. व्हिनेगर लावून बघितलं. जाईना. काच बदलून घेतली, फ्रेमवाल्याशी कचाकचा भांडली, दुसऱ्यांदा बदलून घेतली. डाग आपला तिथेच.

कारखान्याच्या मालकीणबाईंनी सांगितलं होतं, "जागा ठेवते रे तुझी. पण उभं राहून कापणार असलास तरच. बसून कापड कापता येत नाही, तुलाच ठाऊक आहे. हंगाम सुरू झाला की मला माणूस लागेल." म्हणजे त्याआधी पाय बसायला हवा होता. आणि पाय कुणी करायचा? मावशीने.

खुर्चीवर तो बसला आणि मावशीच्या हाताखाली ती उरलेली पोटरी आली. लहानपणी हीच पोटरी तिने तेल लावून चोळली होती. जनरल पुढेचला तिच्या ओठावर आलाच नाही. घरच्या माणसासमोर तो कसा आणायचा? तिने कात्र्याच्या गुडघ्यावरून हात फिरवला. "माझा शूर बाळ तो. केवढं केलंस रे. सगळ्यांना अभिमान आहे तुझा." आणि पट्टी गुंडाळली.

साचा बिघडला.

दुसऱ्यांदा तिने अजून माया केली. साचा अजून बिघडला.

सुपरवायझरसाहेब आले, ठोकळ्याकडे बघून गोळी या गालातून त्या गालात नेली. "म्हणजे कसं आहे, मावशी, नियम जो आहे, तो असा आहे, की तिसऱ्यांदा नाही जमलं, तर नंबर जो आहे..." या वेळी त्यांनी घड्याळ बघितलं नाही. वाक्य पुरं केलं. "शेवटी जाईल. रोज नवी माणसं येताहेत. मी तरी काय करू?"

रांगेच्या शेवटी म्हणजे हंगाम संपल्यावर. म्हणजे टेबलाशी दुसराच कुणीतरी.

ते गेल्यावर कानसकाकांनी तो ठोकळा खिडकीशी धरला, फिरवून बघितला आणि विचारलं, "आज पाहुणे आले होते का?"

"नाही. का हो?"

"भाषणाची पोटरी आहे, बघा."

मावशी नळाखाली हात धूत होती. प्लास्टर पाण्याबरोबर पांढरं होऊन वाहत होतं, आणि तिला अचानक आपलाच आवाज ऐकू आला. "शूर बाळ. केवढं केलंस. अभिमान." शब्द तिचे, पण घसा पाहुण्यांचा. छाती काढलेला, गरजणारा, फक्त थोडा ओला. अगं बाई! आख्ख्या कार्यशाळेत कुणालाही शूर म्हणायचं नाही हा नियम करणारी तीच, आणि घरच्या पोराला दोनदा म्हणून बसली. मग तिला दुसरं काहीतरी सुचलं, आणि ते धुतल्या हाताला चिकटूनच राहिलं. शूर म्हटल्यावर बाकीचे ताठ होत होते. हा तर दगड झाला. असं का?

तिसऱ्या वेळी ताईही आली. पडद्याबाहेरच्या बाकावर बसली. "मी काही बोलत नाही हं," पडद्यातून आवाज आला, "पण या वेळी नीट करा म्हणावं. पोराला उपाशीपोटी बसवू नका. आणि ती बादली स्वच्छ आहे ना?"

आत मावशीने पट्ट्या मोजून ठेवल्या, पाणी कोमट केलं आणि शूरबिर काही न म्हणता जनरलला बोलावलं. टेकडी सांगितली. पदक सांगितलं. झाडूंची पेटी सांगितली. कात्र्या सभ्यपणे ऐकत होता. पाहुण्याच्या पोराचं गाणं ऐकावं तसा. पोटरीवर तिचा हात होता. लाकूड.

"छान आहे," तो म्हणाला.

कात्र्या आणि "छान आहे"! मावशीने पट्टी बाजूला ठेवली. "नाही आवडलं?"

"तसं नाही गं." तो आपल्या निळ्या खुणा केलेल्या गुडघ्याकडे बघत होता. "मला एक टाकायचंय. पलटणीत."

"टाक की."

"पलटणीने एक पूल जिंकला," कात्र्या म्हणाला. आवाज अगदी सपाट. गोष्ट सांगताना मावशीचा असतो तसा. "लढाई झालीच नाही. पलीकडे फक्त एक म्हातारा गळ टाकून बसला होता. तो म्हणाला, आवाज कमी करा, मासे पळतात. म्हणून पलटण पाय न वाजवता पूल जिंकून गेली. संध्याकाळी हुकूम आला, शत्रू परत येईल, पलीकडच्या टोकाला सुरुंग पेरा. एका शिपायाने पेरले. डावीकडे. कुठे कुठे ते त्याने नीट ध्यानात ठेवलं."

मावशीने श्वास घेतला तो तिथेच धरला.

"दुसऱ्या दिवशी मुख्यालयातून फोटोवाला आला. म्हणाला, जिंकताना मला दिसलंच नाही. जनरल पुढेचला म्हणाला, त्यात काय, परत जिंकू! सगळी पलटण मागे नेली. पुन्हा पळा, बंदुका वर, तोंड शूर करा. फोटोवाला पलीकडच्या दगडावर उभा. पळत आले, तर म्हणतो, चेहरे दिसत नाहीत, अजून पुढे. मागून जनरल, 'पुढे चला!' मग फोटोवाला म्हणतो, तो शेवटचा आहे ना, त्याने जरा डावीकडे सरकावं. तिथे उजेड छान आहे."

जनरेटर बंद असावा. काहीच ऐकू येत नव्हतं. कानसही नाही.

"शिपायाने पाऊल टाकलं आणि त्याला आठवलं. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, 'हलू नका!'" कात्र्या थांबला. "पण शिपाई हलला. फोटो बिघडला."

मावशीच्या तोंडातून सवयीने तेच आलं, रोज येणारं. "एवढा मूर्खपणा... पटेल का रे लोकांना?"

"म्हणून तर," कात्र्या म्हणाला, "थोडा कमी करून सांगितला."

पडद्याबाहेर बाक करकरलं.

"मी काही बोलत नाही हं," ताईचा आवाज आला. मग खरंच थोडा वेळ काही बोलला नाही. "पण तो शिपाई. फोटोत कुठे आहे तो?"

कात्र्याने मावशीकडे बघितलं. मावशीने नजर हटवली नाही. मदतही केली नाही. विचारलं होतं ते त्याला.

"डाव्या कोपऱ्यात, आई. नीट आला नाही. पांढरट दिसतो. काचेवर डाग असावा तसा."

पडदा सरकला. ताई उभी होती, पिशवी छातीशी धरून, तोंड उघडं.

"डाग?" ती म्हणाली. "तो डाग? अरे, तो मी व्हिनेगरने पुसला!"

"माहीत आहे."

"रोज पुसतेय! काच बदलली दोनदा! त्या फ्रेमवाल्याला भर रस्त्यात चोर म्हणाले!"

"ऐकलं मी. गल्लीने ऐकलं."

"कात्र्या! मी रोज सकाळी उठून तुला पुसतेय आणि तू सांगत नाहीस?"

"कितीदा पुसलंस," कात्र्या म्हणाला, आणि त्याच्या ओठाचा कोपरा कितीतरी महिन्यांनी जागचा हलला, "गेलो का?"

पहिलं हसू कुणाचं फुटलं ते कुणालाच सांगता येणार नाही. ताई हसत होती की रडत होती तेही नाही. तिने पिशवीत तोंड घातलं होतं आणि पिशवी हलत होती. कात्र्या खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून, डोकं मागे टाकून, आवाज न करता हसत होता. खोलीच्या त्या टोकाला कानसकाका भिंतीकडे तोंड करून उभे, खांदे गदगदताहेत. दारातून सुपरवायझरसाहेबांचं डोकं आत आलं. "म्हणजे कसं आहे, बाहेर आवाज जो येतोय, तो..."

"काम चालू आहे, साहेब!" मावशी ओरडली.

कारण तिचा हात पोटरीवर होता. आणि पोटरी सुटली होती. लोकरीचा गुंडा.

"गप्प! सगळे गप्प!" तिने पट्टी उचलली. "आता जो हसेल त्याचा साचा मी घेईन, तोंडाचा! ताई, बाहेर हो! काका, भिंत बघा! कात्र्या, श्वास सोड, सोड, असाच, आता सैल राहा."

ओली पट्टी फिरत गेली. त्या काही मिनिटांत खोलीत चार माणसं गाल फुगवून, नाकं दाबून, एकमेकांकडे बघायचं टाळत होती. मावशीच्या जुन्या कारखान्यातल्या बाहुल्याच जणू. पडद्याबाहेरून एकदा बारीकसं "व्हिनेगर..." ऐकू आलं आणि कात्र्याने डोळे घट्ट मिटले. पोटरी हलली नाही. पट्टी धरली.

साचा उतरवून मावशीने तो कानसकाकांच्या हाती दिला. ठोकळा निघाला तेव्हा त्यांनी तो खिडकीशी धरला, कानस उचलली, परत ठेवली. "घासायला काही ठेवलंच नाही, बघा." त्या दिवशीचं त्यांचं हे तिसरं बोलणं. कार्यशाळेत दिवसभर त्याचीच चर्चा.

पाय बसला. हंगाम सुरू झाला तेव्हा कात्र्या टेबलाशी उभा होता, कुबडी लांब कोपऱ्यात टांगलेली, आणि शेजारच्याला सांगत होता की तुझ्या कापण्यापेक्षा उंदीर सरळ कुरतडतात. मालकीणबाई म्हणाल्या, आला बाई परत हा.

मावशीने एकदा त्याला विचारलं, "फोटोवाला टाकू का रे पलटणीत? दुसऱ्यांना सांगायला?"

"टाक. पण म्हातारा ठेव. मासेवाला. सगळ्या लढाईत तेवढाच एक शहाणा होता."

मावशीला वाटलं होतं, ताई आता फोटो उतरवेल. पुढच्या रविवारी ती गेली तर फोटो भिंतीवरच. ताई फडकं घेऊन स्टुलावर चढलेली. फ्रेम पुसली, काच पुसली, वरून, उजवीकडून, खालून. डाव्या कोपऱ्याशी आली तेव्हा फडकं खाली घेतलं, भांडं गरम आहे का बघावं तशी बोटाची मागची बाजू तिथे एकदा टेकवली, आणि उतरली.

तेवढ्यात शेजारीण आली. तिने फोटोकडे बघून मान डोलावली. "हा पुढचा ना हो तुमचा? खांद्यावरून ओळखू येतो अगदी."

"मी काही बोलत नाही हं," ताई म्हणाली. "पण तो कुणाचा आहे मला ठाऊक नाही. असेल कुणाचा तरी. तो तिकडे डाग दिसतोय ना, डावीकडे? तो माझा."